रुवोंदेच्या टेकडीची किल्ली

"तिला विचार," कुंपणापलीकडून म्बुया चेन्झिरा म्हणाल्या, "हिला घरी कुणी काही शिकवलं नाही का?"

जोसायाने हे वाक्य इंग्रजीत आणताना बरेच काही गाळले असावे. पलीकडे उभ्या असलेल्या बायका जितक्या हसल्या, तितके हसू त्याच्या भाषांतरात कुठेच नव्हते.

"म्हणजे काय?" मी विचारले.

"म्हणजे बाई, तुम्ही घरातून बाहेर कशा पडता ते त्यांना आवडलेलं नाही. घराला पाठ दाखवून सरळ चालत आलात. त्या म्हणतात, ही कुणाची सून व्हायची नाही."

"त्यांना सांगा, ते घर साडेतीनशे वर्षांपूर्वी जळालंय."

जोसायाने सांगितले. म्बुयांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले. ते ऐकून मात्र जोसायालाही हसू आवरले नाही. "त्या म्हणतात, जळालेलं असलं तरी घर ते घरच. आणि विचारतात की, मधल्या त्या तीन खड्ड्यांत तुम्ही तीन दिवस काय शोधताय?"

"खांब. छपराचे खांब होते तिथं."

"घराच्या मधोमध तीन खांब?" म्बुया म्हणाल्या. "मग माणसं झोपत कुठं होती? छपरावर?"

हा संवाद मी त्या दिवशीच्या टिपणवहीत 'स्थानिकांच्या गमतीदार समजुती' या शीर्षकाखाली लिहून ठेवला. वही अजून माझ्याकडे आहे. स्वतःबद्दल अवाजवी आदर वाटू लागला की मी ते पान उघडते.

हे १९८२च्या ऑगस्टमधले. झिंबाब्वे स्वतंत्र होऊन दोन वर्षे झाली होती. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्याहून शिष्यवृत्तीवर तिथे उत्खननासाठी गेले होते. रुवोंदे ही ग्रॅनाइटची टेकडी. तिच्या अंगावर चुना-मातीशिवाय, नुसत्या घडीव दगडांवर दगड ठेवून रचलेल्या भिंती, आणि भिंतींच्या आत मातीच्या गोल घरांचे अवशेष. साधारण शंभर वर्षे इथे एका राजघराण्याची राजधानी होती. इथून सोने आणि हस्तिदंत समुद्राकडे जाई आणि उलट वाटेने काचेचे मणी येत. त्यांतले काही आपल्या कोकण किनाऱ्यावरून गेलेले. राजधानी उभी कशी राहिली, याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद ती संपली कशी, याचा होता. म्हणजे खरे तर तोही नव्हता, कारण प्रोफेसर रेडफर्न यांनी तो १९५८ साली मिटवून टाकला होता.

रेडफर्न सभ्य गृहस्थ होते. या भिंती आफ्रिकी माणसाने बांधल्याच नाहीत, असे छापणाऱ्यांच्या काळात त्यांनी त्या आफ्रिकी माणसानेच बांधल्या असे लिहिले आणि त्यासाठी त्रासही सोसला. बांधण्याचे श्रेय त्यांनी इतक्या उदारपणे दिले की, मोडण्याचे श्रेय वाटताना त्यांना कुणी हटकले नाही. त्यांच्या ग्रंथाप्रमाणे रुवोंदे एका हल्ल्यात पडली. ईशान्येकडून एक रानटी टोळी आली, तिने राजवाडा जाळला, लुटला आणि पायथ्याशी वस्ती केली. पुरावे दोन: घरांवरचा राखेचा थर, आणि राखेच्या वर सापडलेली ओबडधोबड, बिननक्षीची मडकी. पायथ्याच्या गावातल्या बायका नेमकी तशीच ओबडधोबड मडकी घडवत. तेव्हा गावकरी हे हल्लेखोरांचे वंशज, हे उघडच होते.

म्बुया चेन्झिरा त्या गावातल्या सर्वांत थोर बाई. म्बुया म्हणजे आजी. तिकडे मान द्यायचा तर नाव एकटे घेत नाहीत. जोसाया उत्खननावरचा मुकादम, त्यांचा भाचा. त्याला सगळे त्याच्या कुलचिन्हाने, 'मोयो' म्हणून हाक मारत. मोयो म्हणजे हृदय. मी आणि प्रोफेसर त्याला जोसाया म्हणत असू, कारण मजुरीच्या यादीत तसे लिहिले होते.

टेकडीभोवती जुन्या सरकारने तारेचे कुंपण घातले होते आणि फाटकाला कुलूप. गावकऱ्यांचे पूर्वज त्या टेकडीवर पुरलेले आहेत असे गावकरी म्हणत. वर जाऊन वर्षातून एकदा पितरांना बिअर वाहण्याची त्यांची रीत होती. ती पन्नास वर्षे बंद होती. प्रोफेसरांच्या ग्रंथानंतर तिला शास्त्रीय कारणही मिळाले. ज्यांनी घर जाळले त्यांना त्या घराच्या देवघरात कोण सोडील? आता नव्या सरकारने तीन जणांची समिती नेमली होती. टेकडीची किल्ली कुणाकडे राहावी हे ठरवायला ती येत्या शुक्रवारी येणार होती. किल्ली गावाकडे, की प्रोफेसरांच्या विश्वस्त मंडळाकडे. मंडळाने गावकऱ्यांना सवलतीच्या दरात प्रवेश देऊ केला होता.

"शुक्रवारी नकाशा तुम्हीच मांडा, मिस जगदाळे," मंगळवारी जेवणाच्या टेबलावर प्रोफेसर म्हणाले. "रेखाटन तुमचं आहे, सही तुमची राहील. माझ्यासारख्या म्हाताऱ्या इंग्रजापेक्षा तुमच्या तोंडून ते अधिक शोभेल."

"का शोभेल, सर?"

"अहो, तुमचाही देश आमच्या अंमलाखाली होताच की." त्यांनी मला मीठ दिले. "आणि पुढच्या वर्षीच्या फेलोशिपसाठी मी तुमच्याबद्दल लिहिणारच आहे. काही ठोस लिहायला मिळालं तर बरं."

यातले एकही वाक्य धमकी नव्हते. मी मान डोलावली. त्या फेलोशिपसाठी मी शब्दशः समुद्र ओलांडला होता. माझे वडील साताऱ्याकडच्या एका खेडेगावातल्या शाळेत शिपाई होते. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता, तो मी भरला. आई त्याच शाळेचे चार वर्ग दर शनिवारी शेणाने सारवायची. आईच्या व्यवसायाला रकाना नव्हता आणि नसल्याचे मला बरेच वाटले होते. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांतले दोन वर्ग मी सारवत असे. पुण्यात आल्यावर मी हातांना क्रीम लावायला शिकले आणि ते दोन वर्ग विसरून गेले.

गुरुवारी दुपारी प्रोफेसरांनी घराची जमीन छायाचित्रासाठी तयार करायला सांगितले. मातीतले रंगांचे फरक उठून दिसावेत म्हणून अशा वेळी तिच्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारतात. जोसायाने गावातून कापसावर औषध मारायचा पंप धुऊन आणला. चारचा सुमार होता. ऊन भिंतीवरून तिरपे उतरत होते. मी फळीवर गुडघे टेकून फवारा मारत भिंतीकडून दाराकडे सरकत आले, मान वर केली आणि पंप खाली ठेवला.

जमिनीवर हात उमटले होते.

कमानी. एकीला लागून एक, एकीवर एक चढलेली. प्रत्येक कमान हातभर रुंद, प्रत्येकीत चार बोटांच्या चार रेषा. प्रत्येकीची आतली बाजू दाराकडे. भिंतीपासून ओळीने सुरू झालेल्या आणि दाराकडे येत येत उंबऱ्यावर संपलेल्या. आगीने ती जमीन भाजून विटेसारखी टणक केली होती. जिने घर नष्ट केले असे आम्ही लिहीत होतो, त्या आगीने ते रेघन् रेघ जपून ठेवले होते.

पंधराव्या वर्षापर्यंत मी हेच केले होते. भिंतीकडे तोंड करून बसायचे, समोर हात फिरवायचा, मागे सरकायचे, पुन्हा हात फिरवायचा. दाराकडे पाठ. उंबऱ्यावर संपवायचे आणि बाहेर पडायचे. वाळेपर्यंत कुणी पाऊल टाकायचे नाही.

"बाई?" जोसाया म्हणाला. "बरं नाही का?"

"मोयो," मी त्याला पहिल्यांदाच तशी हाक मारली, "इकडे या. या कमानी त्या तीन खड्ड्यांपाशी काय करतायत, ते मला सांगा."

तो वाकून बघत राहिला. "काही करत नाहीयेत. त्यांच्यावरून जातायत."

"थांबतायत का? वळसा घेतायत?"

"नाही. सरळ जातायत."

म्हणजे जमीन सारवली तेव्हा तिथे खांब नव्हते. खड्डे होते, पण ते आधी ओल्या मातीने बुजवलेले होते. मातीचा तो भरणा पुढे सुकून थोडा खाली बसला, म्हणून मला त्या तीन वर्तुळाकार कडा दिसल्या. आणि मी त्यांना खांबांचे खड्डे म्हटले, कारण ग्रंथात तसे लिहिले होते. घराच्या मधोमध, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, तिकोनात तीन खड्डे. जगातल्या ज्या बाईने कधी तीन दगडांवर भांडे ठेवले आहे, तिला ते काय आहे हे विचारावे लागले नसते. माझ्या आईला लागले नसते. म्बुयांनी तर मला सोमवारीच विचारले होते.

मी उठून जोसायाला घेऊन फाटकाबाहेर गेले. म्बुया आपल्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. चूल मागे धुमसत होती: तीन दगड, तिकोनात.

"सूनबाई आल्या," त्या म्हणाल्या. "खांब सापडले का?"

"नाही सापडले." मी जमिनीवर बसले. "म्बुया, घर सोडून जाताना तुमच्याकडे काय करतात?"

शेंगा फोडणारे हात थांबले. जोसायाने प्रश्न पुन्हा सांगायला तोंड उघडले, तसे त्यांनी त्याला हातानेच गप्प केले.

"एक्कावन्न साली आम्हाला नदीकाठच्या जमिनीवरून उठवलं," त्या म्हणाल्या. "गोऱ्या शेतकऱ्याला द्यायची होती. ट्रक आले. माझ्या आईनं चुलीचे तीन दगड उपटले आणि टोपलीत घातले. खड्डे बुजवले. घर सारवलं. साहेब ओरडत होता, ट्रक थांबलाय म्हणून. ती म्हणाली, वाळू दे. वाळल्यावर तिनं छपराला आग लावली."

"का?"

"तुम्ही घराला कुलूप का लावता? रिकामं घर उघडं टाकून गेलं, तर त्यात कोण येऊन राहील, सांगता येतं का? तिनं घर बंद केलं. पोलिसानं लिहिलं, सरकारी जागेवर जाळपोळ. चार महिने आत होती." त्यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "राजा मेला, गुरांना चारा उरला नाही, सरपण दोन दिवसांच्या वाटेवर गेलं, की जुन्या बायका असंच करायच्या. दगड घ्यायचे आणि दुसरा डोंगर बघायचा. माझं नाव काय आहे, माहीत आहे? चेन्झिरा. वाटेवर जन्मलेली. आमच्यात दर पिढीत एक तरी असते."

"मग राखेवरची ती मडकी?"

"कुठली?"

"ओबडधोबड. बिननक्षीची. ती हल्लेखोरांची आहेत, असं पुस्तकात आहे."

त्यांना हसू आवरेना. "अगं, मेलेल्यांसाठी बिअर न्यायची ती चांगल्या मडक्यातून कशाला न्यायची? ते तिथंच फोडून यायचं असतं."

शुक्रवारी पहाटे, उजेड होताच, मी खंदकात उतरले. जमिनीची जाडी चौदा सेंटिमीटर होती. प्रोफेसरांच्या नोंदीत तिला एकच क्रमांक होता: 'जमीन'. मी कडेचा एक उभा काप साफ केला आणि भिंगातून मोजायला सुरुवात केली. त्या चौदा सेंटिमीटरमध्ये मातीच्या लिंपणाचे चौऱ्याण्णव थर होते. चौऱ्याण्णव वेळा कुणीतरी दाराकडे पाठ करून बसले होते. तळाचे थर जाडेभरडे, खडे असलेले. घाईने घर उभे करणाऱ्यांचे. त्यांच्या वर नदीकडून आणलेली बारीक लाल माती आणि तीत गवताच्या काड्यांचे दाट ठसे, म्हणजे शेण मुबलक, म्हणजे दारात गुरे. चाळीसेक थर असे, एकापेक्षा एक गुळगुळीत. ज्या घरात दुसऱ्यांनी आणलेली माती वापरतात, तशा घराचे. मग काड्या विरळ होत गेल्या. मग लाल माती संपून जवळची पिवळी आली. एका साम्राज्याचा उदय आणि अस्त तिथे तळहाताएवढ्या जागेत, कुणी ग्रंथकर्त्याची वाट न बघता, लिहून ठेवलेला होता. शेवटचा थर मात्र पुन्हा लाल होता. जाताना त्या बाईने नदीवरून माती आणवली होती.

दहा वाजता समिती आली. अध्यक्ष होत्या न्याशानू नावाच्या वकीलबाई, पन्नाशीच्या, फिकट निळ्या सुटात. दोघे सदस्य वही उघडून बसले. गावकऱ्यांना फाटकाच्या आत यायची परवानगी त्या दिवसापुरती होती. म्बुया चेन्झिरा खुर्ची नाकारून भिंतीच्या सावलीत बसल्या.

प्रोफेसर सुरेख बोलले. राजधानीच्या वैभवावर ते बोलले, तेव्हा गावकऱ्यांनीही माना डोलावल्या. शेवटी त्यांनी काठीने राखेचा थर दाखवला. "आणि मग ती रात्र आली," ते म्हणाले. "घर लुटलं गेलं. एक मणी, एक भांडं, एक जातं उरलं नाही. बाकीचं मिस जगदाळे दाखवतील."

मी नकाशा उलगडला नाही.

"सर," मी म्हणाले, "लुटारूंनी चुलीचे दगडही नेले असतील का?"

"काय म्हणालात?"

"मधले तीन खड्डे खांबांचे नाहीत. चुलीचे आहेत. दगड काढून नेलेत आणि खड्डे बुजवलेत. त्यावरून घर सारवलेलं आहे. कमानी पाहा. राख या सगळ्याच्या वर आहे."

प्रोफेसरांनी चष्मा बदलला. त्यांनी बराच वेळ पाहिले. तेवढे श्रेय मी त्यांना देते. मग ते सरळ झाले. "मनोरंजक आहे. पण अर्थ लावायला तुम्ही गावातल्या ऐकीव गोष्टी घेतल्या असतील, तर सांगायला हवं की तोंडी परंपरा हा पुरावा नव्हे."

"तोंडी नाही, सर. हातांची आहे." मी म्हणाले. "तुम्ही कधी जमीन सारवली आहे?"

गावकऱ्यांना जोसायाने प्रश्न समजावून सांगितला असावा, कारण मागे बायकांत खसखस पिकली.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "तो संधिलाभ मला झाला नाही."

"मला झाला आहे. माझी आई शाळा सारवायची. मी तिच्याबरोबर सारवायचे." हे वाक्य मी आयुष्यात कुठल्याही सभेत प्रथमच बोलत होते, आणि ते मी सावकाश बोलले. "एवढं घर सारवायला एका बाईला सकाळ लागते. या हवेत ते वाळायला दुपार टळते. ओल्यावर कुणी चाललं तर पाऊल उमटतं. तुम्ही नकाशा बघा, जमीन बघा. अख्ख्या घरात एकही पाऊल नाही. तेव्हा मला एवढंच विचारायचं आहे, सर. हल्लेखोर दाराशी आले होते ना? मग जमीन वाळेपर्यंत ते कुठं थांबले होते?"

एका सदस्याने लिहिणे थांबवले.

न्याशानूबाई उठल्या. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि फळीवरून खंदकात उतरल्या. उंबऱ्यापाशी गुडघे टेकून त्यांनी आपला उजवा हात शेवटच्या कमानीवर, तिला न टेकवता, धरला. चार बोटे, चार रेषा.

"माझ्या आजीचं घर असंच होतं," त्या म्हणाल्या, आणि ते त्या इंग्रजीत बोलल्या नाहीत. मग म्बुयांकडे वळल्या. "म्बुया, तुमच्या चुलीचे दगड या खड्ड्यांत बसतील का?"

मला वाटते, सर्वांना होकार हवा होता, मलाही.

"कसे बसतील?" म्बुया म्हणाल्या. "दगड विस्तवात फुटतो. माझ्याच जन्मात मी दोनदा बदललेत. आम्ही दगड जपत नाही, बाई. आम्ही तो उचलून नेतो, एवढंच."

कमी पुरावा देऊन खटला जिंकलेला साक्षीदार मी तेवढा एकच पाहिला.

प्रोफेसर मात्र हरायला बसलेले नव्हते. "सन्माननीय अध्यक्ष," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "नोंदीत एक अडचण आहे. ते खड्डे खांबांचे आहेत, असं ज्या नकाशात लिहिलं आहे, त्यावर मिस जगदाळे यांचीच सही आहे. बुधवारची. त्यांचं मत दोन दिवसांत बदलत असेल तर समितीनं कोणत्या दिवसाचं धरावं?"

मुद्दा चोख होता. मी नकाशा उलगडला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर धरला. "बुधवारचं चूक आहे," मी म्हणाले. "ते मी पाहून लिहिलं नव्हतं. ग्रंथात वाचून लिहिलं होतं. या जमिनीवर काय घडलं हे सांगू शकणारी माणसं कुंपणाच्या पलीकडे उभी होती, आणि त्यांनी मला ते विचारलंही होतं. ते मी गंमत म्हणून लिहून ठेवलं. ती वही समितीनं पाहावी. सही माझी आहे, चूकही माझी आहे." मी पेनने 'खांबाचे खड्डे' हे शब्द खोडले, तिथे 'चूल' असे लिहिले आणि पुन्हा सही केली, त्या दिवसाच्या तारखेची.

"बाहेर थांबा," न्याशानूबाई सगळ्यांना म्हणाल्या.

आम्ही थांबलो. प्रोफेसर एका बाजूला, गावकरी दुसऱ्या, आणि मी मध्ये. दुसरीकडे कुठे उभे राहावे हे मला सुचले नाही. दोन तासांनी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायांत बूट नव्हते आणि हातात कागदही नव्हता. किल्ली होती. तिला पितळेचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर जुन्या सरकारची मुद्रा. त्यांनी ती दोन्ही हातांनी म्बुयांपुढे धरली, किंचित गुडघे वाकवून, तिथल्या रीतीप्रमाणे.

म्बुयांनी किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पदराच्या गाठीला बांधली. लुगडे नसते तिकडे; खांद्यावरच्या कापडाची ती गाठ होती. पण मला दिसले ते पदर म्हणूनच.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या.

मग बायकांनी जिभेने तो उंच, लांब, कंप पावणारा आवाज काढला, जो त्या लग्नात काढतात. टेकडीने तो तीन वेळा परत पाठवला. जोसाया रडत होता आणि रडत रडत मजुरांना म्हणत होता की, ताडपत्री नीट घाला, ऊन लागतंय.

संध्याकाळी घर पुन्हा वाळूने झाकायचे होते. उघडे ठेवले असते तर पहिल्या पावसात ते संपले असते. झाकण्याआधी मी एकटी आत गेले, शेवटचे मोजमाप घेतले आणि बाहेर यायला निघाले. वर बसलेल्या म्बुयांनी जोसायाला काहीतरी सांगितले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, आत्ता बरोबर बाहेर पडलात."

मी पायांकडे पाहिले. मी भिंतीकडे तोंड करून, मागे मागे सरकत, उंबऱ्यापर्यंत आले होते.

"आणि म्हणतायत, तुमच्या आईला कळवा. लेकीला शिकवलेलं वाया गेलं नाही."

फेलोशिपसाठी प्रोफेसरांनी खरोखरच लिहिले. सभ्य गृहस्थ होते ते. पत्र तीन ओळींचे होते आणि माझे हस्ताक्षर सुवाच्य असल्याची त्यांनी निःसंदिग्ध ग्वाही दिली होती. फेलोशिप दुसऱ्या कुणाला मिळाली. ग्रंथाची पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा हल्ल्याची रात्र तळटीपेत गेली. तळटीपेत जागा कमी असल्याने टोळीही लहान झाली. टेकडीच्या फाटकाशी आज जो फलक आहे, त्यावर 'पतन' हा शब्द कुठे नाही. त्यावर लिहिले आहे की, रुवोंदेचे लोक इथून आपली चूल घेऊन गेले. दर ऑगस्टमध्ये गाव वर जाते आणि राखेवर साधी मडकी फोडते. पुढच्या शतकातल्या एखाद्या प्रोफेसरला ती सापडतील, याची मला खात्री आहे.

आईला मी त्याच आठवड्यात सविस्तर पत्र लिहिले: राजधानी, चौऱ्याण्णव थर, समिती, किल्ली, म्बुयांचा निरोप. महिन्याभराने उत्तर आले, धाकट्या भावाकडून लिहवून घेतलेले. त्यात राजधानीबद्दल एक शब्द नव्हता. प्रकृती, म्हैस, आणि शेवटी एक प्रश्न: 'ती बाई चांगली सारवणारी दिसते. पण उंबऱ्यापाशीचा शेवटचा हात कसा फिरवला होता ते लिही. सगळं घर नीट करतात आणि तिथं बाया घाई करतात.'

मी उलट टपाली कळवले: घाई केलेली नव्हती.